सैल टाक्याला हात नको

मी निवृत्त झाले त्या दिवशी, माझं नाव सुमन कुलकर्णी आहे हे आमच्या निम्म्या पेशंटना पहिल्यांदा कळलं. तोवर मी ‘ड्रॉपअक्का’. बेंगळुरूत कुठल्याही बाईला अक्का म्हणतात आणि मी तीस वर्षं भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत आले, “ड्रॉप घातले का?” बाजारात भेटला तरी हाच, लग्नाच्या पंगतीत भेटला तरी हाच. एका नवरदेवाला तर मी बोहल्यावर विचारलं होतं. घातले नव्हते. मुहूर्ताला अजून अवकाश होता, तेवढ्यात मी घातले.

इथल्या मराठी मंडळातल्या आयटीवाल्या मुलींनी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा एक म्हणाली, “काकू, थोडं इन्स्पायरिंग लिहा हं, सक्सेस स्टोरी टाइप.” मी म्हटलं, लिहिते. पण त्यात आधी माझी एक घोडचूक येईल, ती छापणार असाल तर लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते. डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक पडदा असतो, घड्याळाच्या काचेसारखा. त्याला कॉर्निया म्हणतात. मार लागून, जंतू शिरून किंवा जन्मापासूनच तो पांढरा पडला की मागचं सगळं यंत्र धड असूनही माणसाला दिसत नाही. मग मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा पडदा काढून तिथे बसवायचा. ‘डोळा बसवला’ असं लोक म्हणतात, पण अख्खा डोळा कुणी कुणाचा बसवत नाही, फक्त ही काच बदलतात. आमचा दवाखाना धर्मादाय, त्यामुळे एका बाईला तीन कामं. कुणी गेल्याचा फोन आला की पेटी घेऊन त्या घरी जायचं, कॉर्निया आणायचा आणि नेत्रपेढीत सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. ऑपरेशन डॉक्टर मॅडम करायच्या. आणि त्यानंतर पेशंटला पुढची दोन-तीन वर्षं वळण लावायचं काम पुन्हा माझं.

नागपूरहून आलेला एक तरुण इंजिनिअर होता. डोळे चोळून चोळून कॉर्निया पुढे टोकदार करून घेतलेला. त्याने ऑपरेशनच्या आधी मला विचारलं, “मॅडम, सक्सेस रेट किती परसेंट आहे, ते सांगून द्या ना.”

“तुझ्या डोळ्याला शंभर नाहीतर शून्य,” मी म्हटलं. “ऐंशी टक्के बसलेला कॉर्निया मी अजून पाहिला नाही.”

तो बिचारा हिरमुसला. पण मला तेव्हाही टक्क्यांचा राग यायचा आणि आजही येतो. कॉर्निया टिकणं बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. ज्याचा घेतला त्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूच्या पेशी किती शिल्लक आहेत, कारण त्या पुन्हा उगवत नाहीत. तो किती तासांत काढला. ज्याला बसवायचा त्याचा डोळा शांत आहे की रक्तवाहिन्या आत शिरलेल्या आहेत, डोळ्याचा दाब काय, डोळ्यात ओल आहे का. मॅडमचा हात कसा चालला. आणि हे सगळं जुळून आलं तरी शेवटी पेशंट घरी जातो, आणि घरी आमच्यापैकी कुणी नसतं. माझ्या हिशेबी निम्मा कॉर्निया ऑपरेशनच्या टेबलावर बसतो आणि निम्मा स्वयंपाकघराच्या फळीवर, जिथे ड्रॉपच्या बाटल्या ठेवलेल्या असतात.

आता नारायणराव.

शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. घराणं चार पिढ्या बेंगळुरूत, मराठी फक्त घरात आणि देवापुढे उरलेली. नारायणराव पुरुषांचे आणि बायकांचे दोन्ही कपडे शिवायचे, आणि त्यांची बायको रत्नाबाई मागच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू, समोर धरलेली बोटं मोजण्यापुरता. सगळी भिस्त उजव्यावर. त्या उजव्यात कापडातून सुटलेली टाचणी उडून लागली, वर जंतू चढले आणि कॉर्निया पांढरा झाला. दुकान सहा महिने बंद. मापं घेणारा माणूस भिंत धरून माझ्या खोलीत आला.

मी निपाणीची. इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीसमोर कन्नड, तमिळ, दखनी सगळं ऐकलं, पण घरच्यासारखी मराठी बोलणारा पेशंट विरळाच. मी विरघळले. नाव सांगितल्यावर नारायणराव हसले.

“कुलकर्णी का? मग आपलं जमलं अक्का. ‘सोनार शिंपी कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा.’ दोघं तर इथंच बसलोत. एक सोनार शोधून आणू का?”

त्यांचं ऑपरेशन छान झालं. सोळा टाके, केसाहून बारीक काळ्या नायलॉनचे. पट्टी काढल्यावर त्यांनी मॅडमना पहिला प्रश्न विचारला तो दिसण्याबद्दल नव्हताच. “डॉक्टर, शिलाई पक्की का कच्ची?” मॅडम म्हणाल्या, टाके हळूहळू काढायचे असतात, एखादा सैल झाला तर तो लगेच. पुढचं सगळं समजावून सांगायला मॅडमनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

माझी यादी लांबलचक होती. ड्रॉप कधी, हात कसे धुवायचे, डोळा चोळायचा नाही, लाल झाला तर काय, उजेड खुपला तर काय. इतर पेशंटकडून मी ती दोनदा वदवून घ्यायची. नारायणरावांची पाळी आली तेव्हा आपला माणूस म्हणून मी चहा मागवला. रत्नाबाईंचं माहेर संकेश्वरचं निघालं. मग संकेश्वरच्या मिरच्या निघाल्या. यादी निम्म्यावर आली असताना नारायणरावांनी विचारलं, “म्हणजे हा धावदोराच ना, अक्का? आधी घालायचा, कपडा बसला की ओढून काढायचा?”

“हो, तसंच समजा,” मी म्हटलं. वर आणखी कौतुकाने म्हटलं, “शिंप्याला काय शिकवायचं!”

त्या एका वाक्याची लाज मला आजही वाटते.

आठ महिने सगळं उत्तम चाललं. नारायणराव दुकानात बसायला लागले, काजंसुद्धा स्वतः करायला लागले. मग एका आठवड्यात डोळ्यात कुसळ गेल्यासारखं टोचायला लागलं. त्यांनी रत्नाबाईंना बघायला लावलं. त्या फॉलच्या कामाला भिंग वापरायच्या, ते लावलं, दिव्याखाली पाहिलं. एका टाक्याचं टोक वर आलेलं दिसलं.

आता मला सांगा, ज्या घरात चार पिढ्या सैल दोरा दिसला की काढतात, त्या घरात त्या दोघांनी दुसरं काय करावं? नारायणराव म्हणाले, काढ. रत्नाबाईंचा हात देवाने दिलेला हात, रेशमी साडीला वळ न उठवता दोरा काढणारा. त्यांनी चिमटा गरम पाण्याने धुतला आणि दोरा ओढला. अगदी सफाईने आला म्हणे. टोचणं थांबलं. दोघांनी समाधानाने चहा घेतला.

चौथ्या दिवशी डोळ्यात पू होता.

दोरा बाहेर काढताना त्याचं उघड्यावरचं, जंतू बसलेलं टोक डोळ्याच्या आतून फिरून बाहेर येतं. म्हणून तो कुठल्या बाजूने कापायचा, कुठल्या बाजूने ओढायचा, आधी कोणतं औषध घालायचं, याचं शास्त्र आहे. हे त्यांना कुणी सांगायचं होतं? मी. मॅडमनी तीन आठवडे शर्थ केली. डोळा वाचला, कॉर्निया गेला. पुन्हा पांढरा झाला आणि या वेळी एका बाजूने लाल रक्तवाहिन्या आत शिरल्या.

रत्नाबाई माझ्या खोलीत आल्या तेव्हा रडल्या नाहीत. पिशवीतून चिमटा काढून माझ्या टेबलावर ठेवला. “अक्का, हे तुमच्याकडं ठेवा. मला बेडा आता.” नको, असं त्यांनी कन्नडमध्ये म्हटलं, आणि त्या एका शब्दाने मला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं. मी म्हटलं, चूक तुमची नाही, माझी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नाही. चिमटा मी खणात ठेवला. आणि त्या दिवसापासून पेशंटला उपमा देऊन समजावणं सोडलं. उपमा फक्त ताटलीत.

दुसरं ऑपरेशन करावं की नाही यावर मॅडम बराच काळ विचार करत होत्या. कॉर्नियाचं नशीब असं की त्याला रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच परक्या माणसाचा असूनही शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. पण रक्तवाहिन्या एकदा आत शिरल्या की त्या वाटेने शरीराची फौज येते आणि ‘हा कोण आमच्या घरात’ म्हणून हाकलून लावते. एकदा हाकललेल्या डोळ्यात दुसरा टिकणं आणखी कठीण. मॅडमनी नारायणरावांना स्पष्ट सांगितलं, आधी डोळा पूर्ण शांत होऊ दे, मग बघू. आणि हा गेला तर तिसरा मी बसवणार नाही.

नारायणराव वर्षभर शांत बसले. दुकानात शेजारचा पोरगा मशीन चालवायचा आणि ते हाताने कापड चाचपून सूचना द्यायचे. एकदा म्हणाले, “अक्का, मला आता पॉलिस्टर आणि सुती बोटानं कळतं, रंग तेवढा कळंना. परवा गिऱ्हाइकाला निळ्या शर्टाला काळा दोरा लावून दिला. त्यानं काही म्हटलं नाही. मला दया दाखवली की हो त्यानं.” दया दाखवलेली त्यांना सोसली नव्हती.

मग एका सकाळी दहाच्या सुमाराला यशवंतपूरहून फोन आला. पुण्याची मुलगी, इथे कंपनीत नोकरीला, तिची आई तासाभरापूर्वी गेली होती. आवाज कापत होता, पण डोकं जागेवर होतं.

“मॅडम, आईने प्लेज फॉर्म भरला होता. मी फॅन ऑफ केलाय, एसी चालू ठेवलाय. डोळे बंद करून वर ओला कापूस ठेवलाय. डोक्याखाली उशी दिलीये. अजून काही करू का?”

मी इतक्या वर्षांत हजार घरांत ही सूचना दिली असेल. पंखा बंद करा, कारण वाऱ्याने कॉर्निया सुकतो. कोणाला ते पटत नाही, मेलेल्या माणसाचा पंखा बंद करायला हात धजत नाही. या मुलीने न सांगता केलं होतं. मी पोचले तेव्हा एक मामा दारात आडवे आले, चेहरा विद्रूप होईल म्हणून. ती मुलगी म्हणाली, “मामा, आईने तुम्हाला विचारून फॉर्म भरला नव्हता.” मामा बाजूला झाले. काम झाल्यावर मी त्यांना आत बोलावून चेहरा दाखवला. त्यांनी बहिणीच्या कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि मला हात जोडले.

नेत्रपेढीत सूक्ष्मदर्शकाखाली तो कॉर्निया ठेवला आणि मी खुर्चीत मागे टेकून बसले. पेशी मधाच्या पोळ्यासारख्या दाटीवाटीने. इतक्या वयाच्या बाईचा इतका देखणा कॉर्निया मी फार कमी वेळा पाहिला. कुणाचा कुणाला दिला हे दोन्ही घरांना सांगायचं नसतं. मी आजवर सांगितलं नाही, आणि इथेही त्या घराच्या खुणा बदलूनच लिहितेय. पण मॅडमना फोन करून मी जे बोलले ते नियमात बसणारं होतं, फक्त आवाज नियमापेक्षा मोठा होता. “मॅडम, शिंप्याला बोलवा!”

ऑपरेशननंतर या वेळी चहा नाही, संकेश्वर नाही. दार बंद करून मी दोघांना बसवलं. पूर्ण यादी, तीन वेळा, दोघांकडून वेगवेगळी. लाल, उजेड, धूसर, दुखणं, या चारांतलं एक जरी झालं तर त्याच दिवशी यायचं, दिवाळी असो नाहीतर घरात लग्न असो. आणि शेवटी मी बोट रोखून म्हटलं, “सैल टाक्याला हात नको. आधी दवाखाना. म्हणा!”

दोघांनी शाळेतल्या मुलांसारखं म्हटलं.

पुढच्या खेपेला नारायणराव घडी केलेलं एक कापड घेऊन आले. उलगडलं तर भिंतीवर टांगायचा पट्टा. वर ड्रॉपच्या बाटल्यांचे तीन खिसे, आणि खाली दिवसाच्या प्रत्येक वेळेसाठी एक मोठं बटण आणि काज. ड्रॉप घातला की बटण लावायचं. पट्टा पूर्ण बंद झाला की दिवस झाला. सकाळी पुन्हा सगळी बटणं काढायची. “डोळा मिटूनबी कळतं अक्का, बोटानं,” ते म्हणाले. “राहिलं का घातलं, भांडण नाही.”

मी इतकी वर्षं छापील तक्ते वाटत होते. ज्याला दिसत नाही त्याला छापील तक्ता! मी तो पट्टा घेऊन मॅडमच्या खोलीत अक्षरशः धावले. आज आमच्या दवाखान्यातून ऑपरेशन झालेला प्रत्येक पेशंट तो पट्टा घेऊन घरी जातो. आनेकलच्या एका कारखान्यातल्या कामगाराने मला सांगितलं की त्याची आई रोज त्या बटणांना हळद-कुंकू लावते. मी म्हटलं लावू दे, फक्त डोळ्यात जायला नको.

आठव्या महिन्यात दिवाळी आली. शिंप्याच्या दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशी काय असतं हे ज्यांनी ब्लाउज शिवायला टाकलाय त्यांना सांगायला नको. दाराशी बायका उभ्या, आत कपड्यांचे ढीग, वायदे उलटून गेलेले. त्या सकाळी नारायणरावांनी देवापुढच्या निरांजनाकडे पाहिलं आणि ज्योत डोळ्याला टोचली. एवढंच. लाल नव्हतं, दुखत नव्हतं. आधीचे नारायणराव असते तर म्हणाले असते, पाडवा होऊ दे, मग बघू. रत्नाबाई म्हणाल्या, “उजेड. चारातलं एक.” आणि त्यांनी गिऱ्हाइकांच्या तोंडावर शटर ओढलं.

ओपीडीत दोघं आली तेव्हा मागोमाग एक बाई भांडत आल्या होत्या. त्यांचा ब्लाउज दुकानात अडकला होता. मॅडमनी डोळा पाहिला आणि मला हळूच म्हणाल्या, “सुमन, सुरुवात झालीये.” फौज निघाली होती. कॉर्नियाच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग दिसत होती.

पण अजून कडेलाच होती. त्याच दिवशी आल्यामुळे. मॅडमनी तासातासाला ड्रॉप सुरू केले, गोळ्या दिल्या, दवाखान्यातच ठेवून घेतलं. दिवाळीचे तिन्ही दिवस रत्नाबाई खाटेशी बसून बटणं लावत होत्या आणि काढत होत्या. मी घरून चकल्या नेल्या तर त्यांनी हात धुऊनच घेतल्या, आणि पुन्हा धुतले. भाऊबीजेच्या सकाळी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मान वर करून फक्त म्हणाल्या, “सरी.” ठीक आहे. त्या एवढंच म्हणतात. मी मात्र खोलीत जाऊन दार लावून रडले. काय सांगू, इतका आनंद मला स्वतःच्या पोरीच्या निकालाला झाला नव्हता.

त्या ब्लाउजवाल्या बाईंचंही सांगून टाकते. नारायणरावांनी त्यांचा ब्लाउज दवाखान्यातून सुटल्यावर स्वतः शिवून घरी नेऊन दिला. त्यांनी तो घातला की नाही माहीत नाही, पण नेत्रदानाचा फॉर्म भरून माझ्याकडे पाठवला.

पुढच्या दोन वर्षांत मॅडमनी या खेपेचेही सोळाच्या सोळा टाके एकेक करून काढले. प्रत्येक वेळी रत्नाबाई खोलीबाहेर थांबायच्या, आत यायच्या नाहीत.

माझ्या निरोपाच्या दिवशी दोघं आली. कागदात बांधलेला पांढरा ब्लाउज टेबलावर ठेवला, माझ्या मापाचा. माप कधी घेतलंत विचारलं तर नारायणराव म्हणाले, “घ्यायला कशाला लागतं? दिसतं की.” मी ब्लाउज उलगडून बाही वर धरली. नारायणराव टेबलाच्या पलीकडे बसले होते, चांगलं चार हातांवर. तिथून ते म्हणाले, “रत्ना, बाहीच्या टोकाला दोरा राहिलाय बघ.”

मला दिसेना. पांढऱ्यावर पांढरा दोरा. चष्मा लावला तेव्हा दिसला, आणि सवयीने मी तो ओढायला बोटं पुढे केली.

“हात नको!” रत्नाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावले.

मी बोटं तशीच धरून बसले. मग खण उघडला. चिमटा तिथेच होता, जवळजवळ चार वर्षं. मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं, पदराने चिमटा पुसला आणि एका झटक्यात दोरा काढला. बाहीला वळसुद्धा उठला नाही.